जलपर्णीचे पीक आणि ठेकेदाराचा हंगाम

माघ-फाल्गुनाच्या सुमारास पवनेच्या पात्रात हिरवे मैदान पसरते. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावरून किंवा दापोडीच्या पुलावरून पाहणाऱ्या नवख्या माणसाला ते एखादे राखलेले कुरण वाटावे, आणि त्यावर जांभळे तुरे डोलत असले तर त्याचे मन प्रसन्नही व्हावे. काठावर राहणाऱ्यांना मात्र या हिरवेपणाची पुरती ओळख आहे. ते दिसू लागले की दिवेलागणीलाच दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, तान्ह्या मुलांना मच्छरदाणीखाली निजवावे लागते, आणि घरात धूर केला तरी डास हटत नाहीत. मग क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापली जातात, आणि काही दिवसांनी पात्रात एखादे यंत्र, दोन-चार नावा आणि कमरेइतक्या पाण्यात उतरलेली माणसे दिसू लागतात. जलपर्णी काढण्याचे काम सुरू झालेले असते. जूनमध्ये पाऊस येतो, पात्र वाहू लागते, आणि उरलेसुरले हिरवे मैदान भीमेच्या दिशेने निघून जाते. पुढल्या हिवाळ्यात ते पुन्हा त्याच जागी हजर असते.

हा क्रम आता इतक्या वर्षांचा झाला आहे की पिंपरी-चिंचवडच्या नागरिकांना तो ऋतुचक्राचाच एक भाग वाटू लागला आहे. अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असते, निविदा निघते, ठेकेदार नेमला जातो, कामास उशीर का झाला यावर चर्चा झडते, आणि पावसाबरोबर सारे विसरले जाते. या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. जी वस्तू दरवर्षी काढावी लागते ती कधी काढली गेली असे म्हणता येईल काय?

जलपर्णी, काही भागांत जिला केंदाळ म्हणतात, ती मूळची या भूमीतली नव्हे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातून ती जगभर गेली, आणि गेली ती तिच्या फुलांच्या देखणेपणामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंतांच्या बागांतील हौदांची शोभा म्हणून ती बंगालमध्ये आली व तेथून साऱ्या देशात पसरली. तिच्या देठात हवेने भरलेला स्पंजासारखा फुगा असतो, म्हणून ती तरंगते. एका रोपापासून आडवे धुमारे फुटतात, प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकास नवे रोप धरते, आणि अन्न मुबलक असले तर एक-दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. काढताना एखादा तुकडा पाण्यात राहिला आणि त्यावर कोंब शाबूत असला तर तेवढ्यावर तिचा संसार पुन्हा उभा राहतो. तिचे बी गाळात पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जिवंत राहते. म्हणजे या वर्षी पात्र अगदी आरशासारखे स्वच्छ केले, तरी पुढल्या काही वर्षांची बेगमी तळाशी शिल्लक असतेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या वनस्पतीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. दहा टन जलपर्णी मालमोटारीत भरून नेली तर त्यांतील नऊ टनांहून अधिक पाणीच नेले जाते. ज्या शहरातील काही वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याच शहराच्या नदीतून सार्वजनिक पैशाने पाणी मालमोटारींतून वाहून नेले जावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. आणि ती नेली तर नेली. पुष्कळदा ती काठावरच ढीग घालून ठेवलेली दिसते. तेथे ती कुजते, तिच्यातले सत्त्व पावसाबरोबर पुन्हा नदीत उतरते आणि पुढल्या पिकाला खत होते.

पिकाला खत लागतेच. जलपर्णी स्वच्छ, वाहत्या आणि गरीब पाण्यात फोफावत नाही. तिला नत्र लागते, स्फुरद लागते, आणि संथ पाणी लागते. ही तिन्ही पिंपरी-चिंचवडमध्ये कोठून येतात हे जाणण्यासाठी मोठ्या संशोधनाची गरज नाही. रावेतच्या बंधाऱ्यापासून दापोडीच्या संगमापर्यंत नदीकाठाने चालत गेले म्हणजे पुरे. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून रावेतपर्यंत येते. तेथे महापालिका रोज पाचशे दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी उचलते. रावेतच्या खाली नदीला स्वतःचे म्हणावे असे पाणी उन्हाळ्यात फारसे उरतच नाही. शहराला दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते, हा अभियंत्यांचा ठोकळ हिशेब आहे. त्या हिशेबाने चारशे दशलक्ष लिटर सांडपाणी रोज कोठेतरी जात असलेच पाहिजे. त्यातील काही प्रक्रिया केंद्रांतून शुद्ध होऊन येते, काही अर्धवट शुद्ध होऊन, आणि काही नाल्यांच्या वाटेने जसेच्या तसे. त्यात लहानमोठ्या कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी मिसळते. पुढे बंधारा आडवा आला की हे सारे साचते, आणि हिवाळ्याच्या उन्हात त्यावर हिरवे पीक उभे राहते. जलपर्णी हा नदीचा रोग नव्हे. रोग्याच्या अंगावर उठलेले ते पुरळ आहे. पुरळ खरवडून काढणाऱ्यास वैद्य म्हणण्याची रीत मात्र या शहरात पडून गेली आहे.

हे शहर आपोआप वाढलेले नाही, ते योजून वाढविले गेले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या जिरायती जमिनींवर कारखान्यांच्या छपरांच्या रांगा उभ्या राहिल्या. साऱ्या महाराष्ट्रातून, पुढे साऱ्या देशातून, कामगार येथे आले. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेलेली होती, आणि त्यानंतर वाकड, रावेत, मोशी, चऱ्होलीच्या बाजूंना जे इमले उठले ते पाहता तो आकडा केव्हाच मागे पडला आहे. या सर्व काळात कारखान्यांसाठी भूखंड, रस्ते, वीज आणि पाणी यांची तरतूद आधी झाली. कामगारांच्या घरांची, गटारांची आणि सांडपाण्याची मागाहून, आणि तीही जमेल तशी. औद्योगिक क्षेत्रातील लहान कारखान्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हवे ही मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. ज्या लघुउद्योजकाकडे दहा कामगार आणि दोन यंत्रे आहेत त्याला स्वतंत्र प्रक्रिया संयंत्र परवडत नाही हे उघड आहे. आणि त्याने नाल्यात सोडलेले पाणी नदीला परवडत नाही हेही तितकेच उघड आहे.

इंद्रायणीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तिच्या दक्षिण काठावर तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली ही महापालिकेतील गावे. उत्तर काठावर निघोजे, मोई, चिंबळी ही खेड तालुक्यातील गावे, आणि त्यांच्या पाठीशी चाकणचा औद्योगिक पट्टा. या शतकात मोटार उद्योगाच्या मोठमोठ्या कारखान्यांनी चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी येथील माळ व्यापले. त्या कारखान्यांत कंत्राटी कामावर आलेली तरुण मुले चाळींच्या एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात, आणि त्या चाळींचे सांडपाणी ओढ्याला जाते, कारण दुसरीकडे जाण्यास त्याला वाटच नाही. काल-परवापर्यंत शेतीवर चाललेल्या ग्रामपंचायतीने लाखभर माणसांच्या मैल्याची व्यवस्था कशी करावी? महानगर प्राधिकरण २०१५ साली झाले. त्याचे लक्ष रस्त्यांच्या व बांधकाम परवान्यांच्या बाजूला जितके गेले तितके गटारांकडे गेले नाही. परिणामी एकाच नदीच्या एका काठाची जबाबदारी एकाची, दुसऱ्या काठाची दुसऱ्याची, आळंदीच्या घाटाची तिसऱ्याची, आणि पाण्याची कोणाचीच नाही. महापालिका आपल्या हद्दीतली जलपर्णी काढते तेव्हा पलीकडच्या हद्दीतली तरंगत अलीकडे येते. हद्दीचे दगड तिला वाचता येत नाहीत! आषाढी वारी जवळ आली की देहू आणि आळंदी येथे सर्व यंत्रणा एकाएकी जाग्या होतात, घाट धुतले जातात, पाण्यावरच्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे निघतात, चौकशीचे आदेश सुटतात. पालख्या पुढे गेल्या की आदेशही पुढे जातात.

आता ठेक्याकडे पाहू. जलपर्णी काढण्याच्या कामाला निसर्गाने एक निश्चित वेळ ठरवून दिली आहे. पाऊस सरल्यावर कार्तिक महिन्यात, जेव्हा बंधाऱ्यांच्या कडेला व काठाच्या आडोशाला हातभर रुंदीचे पुंजके दिसू लागतात, तेव्हा एका नावेत चार माणसे बसवून ते उचलले तर पुढला पसारा उभाच राहत नाही. त्या वेळी काम थोडे असते, खर्च थोडा असतो, आणि म्हणून त्यात कोणालाच रस नसतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबले की नदीचे मैदान होते, ओरड सुरू होते, तातडी निर्माण होते, आणि तातडीच्या नावाखाली पुष्कळ गोष्टी सुलभ होतात. देयक जितके क्षेत्र साफ केले त्याच्या मापावर असेल तर क्षेत्र जितके अधिक पसरलेले तितके ठेकेदाराला सोयीचे. आणि काम रेंगाळले तरी नुकसान त्याचे नाही, कारण जूनच्या पहिल्या पुराला निविदा भरावी लागत नाही. तो आपले काम फुकट करून जातो. ठेकेदार हा मनाने वाईट असतो असे येथे म्हणावयाचे नाही. ज्या व्यवस्थेत रोग टिकण्यावर वैद्याचे उत्पन्न अवलंबून ठेवले जाते त्या व्यवस्थेत साधुपुरुषही अखेर हिशेब मांडू लागेल. शेजारच्या पुणे महापालिकेत २०१९ साली पाषाण व जांभूळवाडी येथील तलावांच्या जलपर्णीच्या निविदेवरून मोठे वादळ उठले होते. ज्या तलावांत जलपर्णीच नाही तेथील जलपर्णी काढण्यासाठी कोट्यवधींची निविदा काढल्याचा आरोप विरोधी पक्षांनी केला, आणि ती निविदा अखेर मागे घ्यावी लागली. त्या प्रकरणात दोष कोणाचा हा वेगळा प्रश्न आहे. तथापि असा आरोप होऊ शकतो आणि लोकांना तो सहज पटतो, यावरून या कामाची काय पत राहिली आहे ते समजते.

या साऱ्या चर्चेत ज्यांचा उल्लेख कोठेच येत नाही ती माणसे म्हणजे प्रत्यक्ष पाण्यात उतरणारे कामगार. यंत्रे आली असली तरी काठालगतच्या उथळ पाण्यात, पुलाच्या खांबांभोवती आणि बंधाऱ्याच्या भिंतीपाशी यंत्र जात नाही. तेथे माणूसच जातो. कमरेइतक्या, कधी छातीइतक्या पाण्यात उभे राहून तो ओलीजड वेल ओढतो. ते पाणी म्हणजे काय आहे हे वर सांगितलेच आहे. शहरातल्या मैल्यात, कारखान्यांच्या रसायनांत आणि काचांच्या तुकड्यांत तो दिवसभर उभा असतो. गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली; पण गटारच जेव्हा नदीच्या नावाने वाहू लागते तेव्हा त्यात माणूस उतरविणे हा गुन्हा ठरत नाही, ते नदीस्वच्छतेचे काम ठरते! गमबूट, हातमोजे, धनुर्वाताची लस, काम संपल्यावर अंग धुण्यास स्वच्छ पाणी, आजारी पडल्यास पगारी रजा, यांपैकी काय काय त्याला मिळते याची नोंद महापालिकेने दरमहा प्रसिद्ध करावी. ती करण्यास एक रुपयाचाही खर्च नाही.

महापालिका सांगेल की हे कामगार ठेकेदाराचे आहेत. हे उत्तर जुने आहे. मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांबाबतही हेच सांगितले जात होते, आणि कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे चिकाटीने लढा दिल्यानंतर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय कायम ठेवला. ज्या कामाची गरज दरवर्षी, ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी पडते ते काम हंगामी कसे? पवना, इंद्रायणी आणि मुळा या तीन नद्यांसाठी महापालिकेच्या स्वतःच्या सेवेतील कायम नदी-कामगारांची पथके का असू नयेत? वर्षभर नदीवर फिरणारी, कार्तिकातच पुंजके उचलणारी, आणि कोणत्या नाल्यातून कोणत्या रात्री कोणत्या रंगाचे पाणी आले हे पाहणारी अशी माणसे नेमली, तर ती नदीचे डोळेही होतील. कदाचित नेमकी हीच अडचण असावी.

येथे बंगालचा इतिहास आठवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कचुरीपानाने, म्हणजे याच जलपर्णीने, पूर्व बंगालची भातशेती, मासेमारी आणि नौकानयन बेजार करून सोडले होते. १९२१ साली सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस. १९३६ साली जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. १९३७ च्या निवडणुकीत जलपर्णीच्या उच्चाटनाचे आश्वासन पक्षांनी दिले. एका पाणवनस्पतीने जाहीरनाम्यांत स्थान मिळवावे असा प्रसंग लोकशाहीच्या इतिहासात विरळाच. पुढे फझलुल हक यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली जलपर्णी निर्मूलनाचा सप्ताहही पाळला. पण ती गेली नाही. कायद्याने आपल्या ताब्यातील जागेतली जलपर्णी काढण्याचा भार जमीन कसणाऱ्यावर टाकला. दुसऱ्या बाजूस रेल्वेच्या भरावांनी खोऱ्यातील पाण्याचे नैसर्गिक वाहणे अडवले होते आणि त्यामुळे साचलेली डबकी जलपर्णीची आगरे झाली होती. त्या भरावांना कोणी हात लावला नाही. ज्याने पाणी अडवले तो मोकळा आणि ज्याच्या शेतात ते साचले तो गुन्हेगार, असा तो न्याय होता. पिंपरी-चिंचवडमध्ये आज याहून वेगळे काय घडते? निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या नदीत टाकू नका असे फलक पुलापुलांवर लागले आहेत. फलक योग्यच आहेत. पण पिशवीने जलपर्णी वाढत नाही, ती मैल्याने वाढते. आणि मैल्याच्या नळाजवळ त्याच्या मालकाचे नाव सांगणारा फलक कोठेही नाही.

कारवाईची ताकद प्रशासनाजवळ नाही असेही नव्हे. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखली परिसरातील भंगाराची गोदामे, लहान कारखाने व पत्राशेड मिळून हजारो बांधकामे काही दिवसांत जमीनदोस्त करण्यात आली. त्या व्यवसायांमुळे प्रदूषण होत होते हे नाकारण्याचे कारण नाही. पण एवढी यंत्रे, एवढे पोलीस आणि एवढी तत्परता जे प्रशासन पत्र्याच्या शेडसाठी जमवू शकते, तेच नदीत उघडे सुटलेले नाले प्रक्रिया केंद्राकडे वळविण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडचणींचा पाढा का वाचते?

पर्यायी उपायांची चर्चाही अधूनमधून होते. बंगळुरूच्या संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या आरंभी जलपर्णी खाणारे सोंडकिडे परदेशातून आणून कर्नाटकातील तलावांत सोडले, तेथे त्यांचा गुण आला. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातही १९९० च्या दशकात त्यांनी मोठी कामगिरी केली. मात्र जेथे अन्न अपार आहे तेथे झाड किड्याच्या पुढे धावते, आणि दर पावसाळ्यात जेथे पूर येतो तेथे किडाही झाडाबरोबर वाहून जातो. जलपर्णीपासून खत, टोपल्या व कागद करण्याच्या योजना महिला बचत गटांपुढे मांडल्या जातात. इतरत्र त्या चांगल्या असतील. परंतु ही वनस्पती पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू मुळांवाटे शोषून घेते. धातूंच्या मुलाम्याचे कारखाने असलेल्या पट्ट्यातील नदीतली जलपर्णी तपासल्यावाचून भाजीपाल्याच्या मळ्यात खत म्हणून घालणे म्हणजे कारखान्याचा कचरा जेवणाच्या ताटापर्यंत नेण्याची व्यवस्था करणे होय.

स्वेच्छेने काम करणाऱ्यांचा उल्लेख येथे आदराने केला पाहिजे. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने व त्यांच्याबरोबरच्या नागरिकांनी पवनेतील जलपर्णी काढण्याची मोहीम कित्येक रविवार चालविली. नोकरदार माणसे सुटीच्या दिवशी नदीत उतरली, ही लहान गोष्ट नाही. पण त्यांनी जे हाताने उपसले ते एका नाल्याने काही आठवड्यांत परत आणले. त्यांच्या श्रमाचा मान राखावयाचा तर तो नाला बंद झाला पाहिजे. शाल आणि नारळ देऊन तो राखला जात नाही.

नदी शहराच्या हद्दीत संपत नाही, हे येथील प्रशासनाच्या सोयीचे असले तरी खालच्या लोकांच्या दुर्दैवाचे आहे. पवना दापोडीला मुळेत मिळते, मुळा पुढे मुठेला, आणि मुळा-मुठा भीमेला. इंद्रायणी तुळापूरला भीमेत उतरते. हे सारे पाणी उजनीच्या जलाशयात जाते, आणि उजनीवर सोलापूर जिल्ह्याची शेती व पुष्कळ गावांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत सर्वाधिक ५३ महाराष्ट्रातले होते; पवना, इंद्रायणी, मुळा, मुठा व भीमा या सर्व त्या यादीत होत्या. २०२२ च्या यादीत देशातील पट्टे ३११ पर्यंत घटले, महाराष्ट्रातील मात्र ५५ झाले. जलप्रदूषणविरोधी कायदा केंद्राने १९७४ साली केला. त्याच्याही आधी, १९६९ साली, महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. कायद्यात केंद्राच्याही पुढे आणि प्रदूषणातही पुढे, असे हे राज्य आहे.

या प्रश्नातील सर्वांत कटू प्रकरण जलपर्णीच्या निविदेत सापडणार नाही, ते मावळात सापडेल. पवना धरणाचे पाणी नदीतून न आणता बंद नळातून थेट पिंपरी-चिंचवडला आणण्याची योजना निघाली. नदीतून आणलेले पाणी वाटेत दूषित होते व वाया जाते, हे तिच्या समर्थनाचे एक कारण होते. ज्यांच्या शेतीला नदीच्या वाहत्या पाण्याचा आधार होता ते मावळचे शेतकरी विरोधात उभे राहिले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर आलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे ठार झाले, त्यांत एक स्त्री होती. योजना स्थगित झाली. २०२३ साली ती स्थगिती उठविण्यात आली. शहराची तहान खोटी नाही, आणि कामगार वस्तीतील नळाला पाणी यावे ही मागणीही रास्त आहे. पण या योजनेमागचा विचार तपासून पाहिला पाहिजे. नदी घाण झाली तर नदी स्वच्छ करावी असा एक मार्ग आहे. नदी घाण झाली तर आपल्यापुरते पाणी नळात घालून नदीला तिच्या नशिबावर सोडावे असा दुसरा. दुसरा मार्ग पुरता स्वीकारला गेला तर रावेतच्या वरचे पात्रही केवळ सांडपाणी वाहून नेण्याचे साधन होईल. आज केजुबाईच्या बंधाऱ्यावर जे हिरवे मैदान दिसते ते उद्या मावळातील गावांच्या दारापर्यंत पोहोचेल, आणि तेथील ग्रामपंचायतींपाशी ते काढण्यासाठी निविदा काढण्याइतकाही पैसा नसेल.

दरम्यान मुळेच्या काठी नदीसुधाराची कामे चालू झाली आहेत. काठ दगडांनी बांधले जातील, फिरण्यासाठी वाटा होतील, दिवे लागतील. त्यासाठी काठावरील झाडी तोडली जाते म्हणून पिंपळे निलखच्या रहिवाशांनी विरोध केला, तो योग्यच होता. पाण्याचा वास तोच राहिला तर त्या वाटांवर फिरण्यास येणार कोण? पिंपरीच्या संजय गांधीनगरातले रहिवासी तर येणार नाहीत. पूर आला की त्यांच्या घरात नदीच फिरण्यास येते.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे या महापालिकेवर प्रशासकाची राजवट होती. त्या काळात जलपर्णीचा प्रश्न सभागृहात विचारण्यास नगरसेवकच नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होऊन सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. आता सबब उरलेली नाही. नद्यांना मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचे नाव, त्यातून रोज येणारे पाणी, आणि ते कोठून येते याची यादी सभागृहापुढे ठेवण्याची मागणी पहिल्याच वर्षी झाली पाहिजे. जलपर्णीचे काम ठेक्यानेच द्यावयाचे असेल तर देयक काढलेल्या क्षेत्रावर न देता पात्र जितके महिने मोकळे राहिले त्यावर द्यावे, आणि ते मोकळे आहे की नाही हे अधिकाऱ्याच्या छायाचित्रावरून न ठरविता काठावरच्या वस्त्यांतील रहिवाशांच्या सहीने ठरवावे. इंद्रायणीसाठी महापालिका, महानगर प्राधिकरण, औद्योगिक महामंडळ, आळंदी व देहूच्या नगरसंस्था आणि उत्तर काठच्या ग्रामपंचायती यांचे एकत्र अंदाजपत्रक व्हावे, आणि त्यात मोठा वाटा चाकणच्या मोठ्या कारखान्यांकडून घ्यावा. त्या माळावर जमीन, रस्ते आणि पाणी यांची सोय सार्वजनिक पैशानेच झाली आहे. पहिली नाव पात्रात उतरली पाहिजे ती पाऊस संपताच, ऑक्टोबरच्या अखेरीस. तसे व्हावयाचे असेल तर कामगारांच्या नेमणुकीचा किंवा निविदेचा मसुदा ऑगस्टमध्येच स्थायी समितीपुढे यावा लागेल.